गोळी चुरून देण्याआधी : सामू, हायड्रोजेल आणि औषधाचा पोटातला प्रवास



आजचा पाठ 'आम्ल आणि आम्लारी' याच घटकावरचा आहे. पण सुरुवात लिटमस कागदापासून न करता घरातल्या एका गोळीपासून करू.

आमच्या सासूबाईंना ॲसिडिटीचा खूप त्रास. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोलची गोळी दिली होती, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. पण त्यांचं एकच म्हणणं, "हे गोयी मह्या घशातून उतरत नाई वं." मग मी काय करायचे? पोळपाटावर गोळी ठेवायची, लाटण्यानं चुरायची आणि गुळाच्या खड्यात कालवून द्यायची. दीड-दोन महिने असं चाललं. त्रास काही कमी होईना. एकदा मेडिकलवाल्या दादांकडे मी तक्रारच केली, की तुमच्या गोळीनं गुण येत नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, गोळी अख्खी देता की बारीक करून?"

उत्तर ऐकून ते हसले आणि म्हणाले, "मग औषध पोटातच मरून गेलं ना."

वर्गात मी आम्ल-आम्लारी शिकवते आणि घरी तीच चूक करत होते! त्या दिवशी ठरवलं, की हा विषय नीट समजून घ्यायचा आणि मुलांपर्यंत, त्यांच्या आई-बाबांपर्यंत पोहोचवायचा. चला तर मग, पायरीपायरीने समजून घेऊ.

१) सामू म्हणजे काय?

एखादा द्रव किती आम्लधर्मी आणि किती आम्लारिधर्मी आहे हे मोजायची पट्टी म्हणजे सामू. इंग्रजीत यालाच पीएच म्हणतात. डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी ही पट्टी १९०९ मध्ये मांडली. ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करत होते.

पट्टी साधारण ० ते १४ अशी असते. ७ म्हणजे उदासीन, ७ पेक्षा कमी म्हणजे आम्ल, ७ पेक्षा जास्त म्हणजे आम्लारी. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा ८ च्या थोडा पुढे.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या मुलांना सामू शिकवायला सगळ्यात उत्तम उदाहरण म्हणजे लोणार सरोवर. उल्कापातामुळे बेसॉल्ट खडकात तयार झालेल्या या सरोवराचं पाणी खारट तर आहेच, शिवाय चांगलंच आम्लारिधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, ते मोठ्या मुलांना आठवत असेल. अशा खाऱ्या, आम्लारिधर्मी पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगामुळे ते झालं होतं. (सहलीला गेल्यावर तिथलं पाणी बाटलीत भरून आणू नका. ते अभयारण्य आहे. वर्गात सोड्याचं पाणी पुरेसं आहे.)

शेतकरी पालकांना तर सामू हा शब्द माहीतच असतो. माती परीक्षणाच्या कागदावर पहिल्या काही रकान्यांत तोच असतो.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. सामूमध्ये १ चा फरक म्हणजे आम्लतेत १० पटीचा फरक. २ चा फरक म्हणजे १०० पट. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२) आपल्या पोटातला सामू

आपण घास गिळतो तेव्हा तो एकाच प्रकारच्या जागेतून जात नाही. वाटेत सामू बदलत जातो.

- तोंड : ७ च्या जवळपास
- जठर, उपाशीपोटी : साधारण १ ते ३
- लहान आतड्याची सुरुवात : ६ च्या आसपास
- लहान आतड्याचा शेवट : ७ किंवा थोडा जास्त

म्हणजे जठरात लिंबापेक्षाही आंबट वातावरण आणि तिथून जरा पुढे गेलं की जवळजवळ उदासीन. २ वरून ६ वर गेलो तर फरक किती पट? मुलांना फळ्यावर करायला लावा. १० × १० × १० × १०, म्हणजे १०,००० पट! जेमतेम काही सेंटिमीटर अंतरात एवढा मोठा बदल होतो.

औषध तयार करणाऱ्यांनी हाच बदल खुणेसारखा वापरला. प्रवासात आपण गावाची पाटी पाहून उतरतो ना, तसं औषधाला सामू पाहून 'उतरायला' शिकवलं.

३) गोळीच्या अंगावरचा कोट

पॅन्टोप्राझोल हे औषध आम्लात टिकत नाही. जठरात उघडं पडलं तर कामाला लागण्याआधीच त्याची मोडतोड होते. गंमत अशी की त्याचं काम जठरातलं आम्ल कमी करण्याचंच आहे, पण ते तिथे थेट जाऊन होत नाही. औषध लहान आतड्यात शोषलं जातं, रक्तात मिसळतं आणि रक्तातून जठराच्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतं.

म्हणून या गोळीवर एक खास थर दिलेला असतो. तो बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा असतो. आम्लात तो विरघळत नाही. सामू साधारण ५.५ च्या वर गेला, की विरघळायला लागतो. जठरात गोळी बंद राहते आणि आतड्यात उघडते.

मी लाटण्यानं काय केलं? तो कोटच फाडला. मग औषध जठराच्या आम्लात उघडं पडलं.

असा कोट वेगवेगळ्या कारणांनी देतात. कधी औषधाला जठरापासून वाचवायचं असतं, तर कधी जठराला औषधापासून. ॲस्पिरीनच्या काही गोळ्यांवर याच कारणासाठी थर असतो. मोठ्या आतड्याला सूज असलेल्या रुग्णांना मेसालाझीन नावाचं औषध देतात. त्याच्या काही गोळ्यांवरचा थर तर सामू ७ च्या आसपास गेल्यावरच विरघळतो, म्हणजे औषध आणखी पुढच्या स्टेशनावर उतरतं.

४) हायड्रोजेल : पाणी धरून ठेवणारं जाळं

कोट एकदा विरघळला की संपला. पण समजा असं काही बनवलं, की जे विरघळत नाही, फक्त फुगतं आणि आकसतं, आणि तेही सामू पाहून! त्यालाच सामूला प्रतिसाद देणारं हायड्रोजेल म्हणतात.

हायड्रोजेल म्हणजे बहुवारिकाच्या लांब साखळ्यांचं जाळं. साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना बांधलेल्या असतात. त्यामुळे जाळं पाण्यात विरघळून जात नाही, पण स्वतःच्या पोटात भरपूर पाणी धरून ठेवतं. आपल्या घरात याचे नातेवाईक आहेत. फालुद्यातला सब्जा पाण्यात टाकला की प्रत्येक बीभोवती बुळबुळीत गोळा तयार होतो. इसबगोलही तसाच फुगतो. बाळाच्या डायपरमध्ये जे पांढरे दाणे असतात ते माणसाने बनवलेलं हायड्रोजेल. शुद्ध पाणी दिलं तर ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरतात.

हायड्रोजेलचा माणसाच्या शरीरासाठी पहिला मोठा उपयोग झाला तो डोळ्यांसाठी. त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातील ओटो विक्टरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० मध्ये शरीराला चालणाऱ्या जेलविषयी लेख प्रसिद्ध केला. १९६१ च्या नाताळात विक्टरले यांनी मुलाच्या मेकॅनोसारख्या खेळण्याच्या भागांपासून यंत्र जोडून घरच्या टेबलावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवल्या. 'साहित्य नाही म्हणून प्रयोग घेतला नाही' असं म्हणताना मला हे आठवतं आणि जरा लाज वाटते.

५) जेलला सामू कसा कळतो? टोपीचा खेळ

हे मुलांना समजावताना मी मैदानावर एक खेळ घेते. तुम्हीही घेऊन बघा.

दहा-बारा मुलांनी हात धरून गोल करायचा. हा गोल म्हणजे जेलचं जाळं. प्रत्येकाच्या डोक्यावर कागदाची टोपी. टोपी म्हणजे हायड्रोजनचा कण. गोलाच्या आत दोन मुलं उभी करायची, ती म्हणजे औषध.

मी 'जठर!' म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यावर टोपी. कारण आम्लात हायड्रोजनचे कण भरपूर असतात. टोपीवाले शांत, एकमेकांना खेटून उभे. आतल्या मुलांना बाहेर पडायला जागाच नाही.

मी 'आतडं!' म्हटलं की टोप्या खाली टाकायच्या. टोपी गेली की प्रत्येकावर ऋण प्रभार येतो. सगळ्यांवर सारखाच प्रभार, आणि सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात. मग मुलं हात न सोडता जमेल तेवढी मागे सरकतात, गोल मोठा होतो, हातांखाली फटी पडतात आणि औषध झालेली मुलं सुटून पळतात.

खऱ्या जेलमध्ये हेच घडतं. साखळीवर कार्बोक्झिल नावाचे गट असतात. आम्लात त्यांच्याजवळ हायड्रोजन असतो, सामू वाढला की ते तो सोडून देतात. प्रभार येतो, जाळं फुगतं, पाणी आत शिरतं आणि अडकलेलं औषध हळूहळू बाहेर झिरपतं. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानवर वेगळे, अमिनो गट असतात. त्याचं वागणं उलटं, ते आम्लात फुगतं.

यामागचं मोठं स्वप्न म्हणजे इन्सुलिनची गोळी. इन्सुलिन हे प्रथिन आहे. नुसतं गिळलं तर ते डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं, म्हणून सुई टोचावी लागते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात निकोलस पेपास यांनी जठरात बंद राहणारी आणि आतड्यात उघडणारी जेल बनवून त्यावर अनेक वर्षं काम केलं आहे. पण आतड्यातून एवढा मोठा रेणू रक्तात पुरेसा जाणं अवघड आहे. अशी जेलमधली गोळी अजून दुकानात मिळत नाही. त्यामुळे कोणी 'सुई बंद करा, आमचं औषध घ्या' म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

६) हे काम आपल्या पुण्यातही झालं आहे

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, हायड्रोजेलवर कित्येक वर्षं संशोधन चाललं आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी तिथे जेलवर काम केलं. १९८९ ते १९९५ या काळात ते संस्थेचे संचालकही होते. डॉ. आशिष लेले हेही त्याच प्रयोगशाळेतले, २०२१ मध्ये ते संचालक झाले. आणि शायनी व्हर्गीस यांनी तिथेच पीएच.डी. केली, पुढे त्या अमेरिकेत गेल्या.

२०१२ मध्ये या तिघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून एक शोध प्रसिद्ध केला : स्वतःच जोडलं जाणारं जेल. त्याचे दोन तुकडे आम्लात एकमेकांना टेकवले की काही सेकंदांत चिकटतात. सामू वाढवला की पुन्हा सुटतात. कारण? पुन्हा आपला टोपीचा खेळच! या जेलच्या साखळ्यांना बोटांसारख्या लोंबत्या शाखा आहेत. आम्लात त्यांच्या टोकांवर टोपी असते, तेव्हा समोरासमोरची बोटं एकमेकांत गुंततात. टोपी गेली की प्रभार येतो आणि बोटं एकमेकांना ढकलतात.

जठरात आम्ल असतंच. म्हणून जठराच्या अस्तराला चिकटून राहणारं औषध देण्यासाठी किंवा तिथली इजा बुजवण्यासाठी असं जेल उपयोगी पडेल, असा विचार त्यांनी मांडला. आम्ल भरलेल्या प्लॅस्टिकच्या भांड्याचं छिद्रही या जेलनं बुजवून दाखवलं.

माशेलकर सर गिरगावात शिकले, अत्यंत गरिबीत. त्यांच्या शाळेतल्या भावे सरांनी भिंगातून सूर्याचे किरण एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवला होता. ती गोष्ट ते आजही भाषणांत सांगतात. एका भिंगाचा आणि एका कागदाचा प्रयोग! म्हणून पुढची कृती टाळू नका.

७) वर्गात करायची कृती

कृती १ : फुगणारे आणि आकसणारे दाणे

साहित्य : एक नवीन डायपर, तीन काचेचे ग्लास, फिल्टरचं पाणी, एक लिंबू, मीठ, चमचे.

डायपर कापून आतले दाणे शिक्षकांनीच सावकाश झटकून घ्यावेत. ते नाका-डोळ्यांत जाऊ देऊ नयेत. प्रत्येक ग्लासात अर्धा चमचा दाणे आणि अर्धा ग्लास पाणी टाका. थोड्या वेळात ग्लास उलटा केला तरी पाणी पडत नाही. माझ्या वर्गात एकाने विचारलं होतं, "म्याडम, पानी कुठी गेलं?" हाच प्रश्न हवा असतो आपल्याला.

आता पहिला ग्लास तसाच ठेवा. दुसऱ्यात लिंबू पिळून ढवळा. तिसऱ्यात चमचाभर मीठ टाकून ढवळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्लासात जेल आकसतं आणि पाणी मोकळं होतं.

लिंबाच्या ग्लासात का आकसलं? कारण टोप्या परत आल्या. मिठाच्या ग्लासात का? तिथे टोपीचा संबंध नाही. बाहेरच्या पाण्यात क्षार वाढले, त्यामुळे जेलची पाणी आत ओढण्याची ताकद कमी झाली. हे दोन्ही वेगळे आहेत, मुलांची इथे गल्लत होऊ देऊ नका. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या खारपाणपट्ट्यातल्या शाळांनी हाच प्रयोग बोअरच्या पाण्याने आणि फिल्टरच्या पाण्याने करून तुलना करावी. बोअरच्या पाण्यात जेल कमी फुगलेलं दिसेल.

प्रयोग झाल्यावर जेल मोरीत ओतू नका, कचऱ्यात टाका.

कृती २ : गोळीचा कोट (ही शिक्षकांनीच करून दाखवायची, मुलांच्या हातात गोळी द्यायची नाही)

पॅन्टोप्राझोलच्या, थर असलेल्या दोन अख्ख्या गोळ्या घ्या. एक लिंबाच्या रसात टाका, दुसरी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात. दर दहा मिनिटांनी मुलांना निरीक्षण वहीत लिहू द्या. लिंबातली गोळी तशीच राहते. सोड्याच्या पाण्यातली हळूहळू मऊ पडते आणि उकलते. कंपनीप्रमाणे वेळ कमी-जास्त लागतो, म्हणून पहिल्या तासाला सुरू करा. शेवटी तिसरी गोळी चुरून लिंबाच्या रसात टाका. मग विचारा, "कोट कुठे गेला?"

८) पालकांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

- डॉक्टर किंवा औषध दुकानदाराला विचारल्याशिवाय कोणतीही गोळी चुरू नका, चावायला सांगू नका, कॅप्सूल उघडू नका.

- पाकिटावर एस.आर., ई.आर., एक्स.आर., सी.आर. अशी अक्षरं असतील तर ती हळूहळू औषध सोडणारी गोळी आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन एस.आर. अनेक घरांत असते. अशा बऱ्याच गोळ्यांत सेल्युलोजपासून बनवलेलं हायड्रोजेल असतं. तोच सेल्युलोज, जो आपल्या कपाशीच्या बोंडात असतो. पोटातलं पाणी लागलं की गोळीभोवती जेलचा थर तयार होतो आणि औषध तासन्‌तास झिरपतं. हे जेल सामू पाहत नाही, फक्त वेग आवरतं. अशी गोळी चुरली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं आणि ते धोक्याचं ठरू शकतं.

- अशा गोळ्यांचं रिकामं, मऊ टरफल कधी शौचात दिसतं. औषध आधीच निघून गेलेलं असतं. घाबरून दुसरी गोळी घेऊ नका.

- 'एंटेरिक कोटेड' किंवा 'गॅस्ट्रो रेझिस्टंट' असं लिहिलं असेल तर ती कोटवाली गोळी. बद्धकोष्ठतेची बिसाकोडिलची गोळी दुधासोबत किंवा ॲसिडिटीच्या पातळ औषधासोबत घेऊ नये असं सांगतात. का ते आता तुम्हीच सांगू शकाल : जठरातला सामू वाढतो आणि कोट लवकर विरघळतो.

- गोळी गिळत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सिरप, पाण्यात विरघळणारी गोळी किंवा दाण्यांची कॅप्सूल असे पर्याय असू शकतात. आमच्या सासूबाईंना शेवटी कॅप्सूल लिहून दिली. ती बसून, पूर्ण ग्लास पाण्यासोबत त्या व्यवस्थित घेतात.

- शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. बाजारात रंगीत 'पाण्याचे मणी' मिळतात, फुलदाणीत ठेवायचे किंवा मुलांना खेळायला. तेही हायड्रोजेलच. कोरडे असताना साबुदाण्याएवढे दिसतात, म्हणून लहान मूल गोळी समजून गिळू शकतं. पोटात ते फुगतात आणि आतडं अडू शकतं. काही मुलांवर यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली आहे. अंगणवाडीत, पहिली-दुसरीच्या वर्गात आणि लहान मूल असलेल्या घरात ते आणूच नका. गिळल्याची शंका आली तरी वाट न पाहता दवाखान्यात न्या.

९) मुलांना विचारायचे प्रश्न

१. जठराचा सामू २ आणि आतड्याचा ६ असेल तर आम्लतेत किती पट फरक?
२. आम्लात फुगणारं जेल वापरलं तर औषध कुठे सुटेल?
३. मिठाच्या पाण्यात आणि लिंबाच्या पाण्यात जेल आकसण्याची कारणं वेगळी का?
४. घरी आजी-आजोबांच्या गोळ्यांची पाकिटं मोठ्यांच्या मदतीने पाहा. कोणती अक्षरं दिसतात ते वहीत लिहा. (गोळी बाहेर काढायची नाही.)

चौथा प्रश्न मी मागच्या वर्षी गृहपाठाला दिला होता. दुसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची आजी एस.आर.ची गोळी चावून खाते, मी कालच बंद केलं." तिच्या आईला मी फोन करून डॉक्टरांना विचारायला सांगितलं. आम्ल-आम्लारीचा पाठ त्या घरात खरा उपयोगी पडला. तुमच्याही वर्गातून अशी एखादी आजी सापडेल, म्हणून हा गृहपाठ नक्की द्या.

कृती करून पाहा, काय दिसलं ते कळवा.